अंधारखाऊची मनगटपट्टी

मंगळवार, ३ तारीख

सूनबाई,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, ते पुन्हा लिहीत बसत नाही. तुमच्या त्या प्रशिक्षण केंद्रात फोन काढून घेतात आणि फक्त रविवारी हातात देतात, म्हणून पत्र. परवा रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी गच्चीवर होते. कपडे काढायला.

तू निघालीस त्या दिवशी मी बोलले ते बोलले. सहा वर्षांच्या मुलीला सासूच्या पदरात टाकून आईने दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त करायला शिकायला लांब जाऊ नये, असं माझं मत होतं. ते अजून जागच्या जागी आहे. तू जाताना मागे वळून पाहिलं नाहीस, मीही खिडकीत आले नाही. फिटंफाट झाली.

मुंगी बरी आहे. दूध पिते, भांड्यात तळाशी ठेवते. केस विंचरू देत नाही. तुझा नवरा औषधांच्या दुकानातून रात्रपाळी करून सकाळी येतो, मुलीच्या डोक्यावर हात ठेवतो, झोपतो. घरात असून नसल्यासारखा, पण तो लहानपणापासून तसाच.

एक किरकोळ विचारायचं होतं. मला नाही, खालच्या मजल्यावरच्या बाईंना. त्यांनी कुठल्याशा कामासाठी मसुराएवढे बारके दिवे आणले. त्यांना तारेचे दोन पाय असतात, एक लांब, एक आखूड. बाईंना वाटलं, कारखान्यात कापणाऱ्याचा हात चुकला. बाई नीटस स्वभावाच्या आहेत. त्यांनी कात्रीने सगळे पाय एका मापाचे करून टाकले. आता काही दिवे लागतात, काही लागत नाहीत, आणि उलटसुलट करून पाहताना कुठला कुठे होता तेही राहत नाही.

असं का, एवढं कळव. घाई नाही. शुक्रवारपर्यंत कळलं तर बरं.

— तुझ्या मुलीची आजी


सोमवार, ९ तारीख

सूनबाई,

तुझं कार्ड मिळालं. 'लांब पाय अधिकचा, आखूड उणेचा. पाय कापलेच असतील तर दिव्याची कड बघा. एक बाजू किंचित चपटी असते, ती उणेची. शेजारणींना सांगा, यापुढे कात्री लांब ठेवा.' एवढंच. मायना नाही, शेवट नाही. तारेच्या माणसाने तार केल्यासारखं.

निरोप पोचवला. बाईंनी भिंग लावून कडा पाहिल्या. चपटी बाजू आहे खरी. ज्याला सुईच्या नेढ्यात दोरा ओवता येतो त्यालाच दिसेल इतकी आहे. त्यांनी प्रत्येक उणे पायाला लाल दोऱ्याची गाठ मारली.

पुढचं असं झालं. बाईंनी काळ्या कापडाची पट्टी कापली, तिच्यावर उघडी तार साखळी टाक्याने शिवली आणि खाली चंदेरी अस्तर लावलं. चमचमणारं, टिकाऊ, शोभेचं. दोन सेलांसाठी खिसाही केला, बाहेरून टाका दिसणार नाही असा. सेल घातले. दिवे लागले नाहीत. मात्र पट्टी गरम व्हायला लागली. इस्त्रीखालून काढलेल्या रुमालासारखी. सेल उपसून काढताना बाईंचं बोट भाजलं. तुझ्या नवऱ्याने मलम दिलं आणि झोपेतच म्हणाला, "दिवसातून दोनदा, जेवणानंतर."

अस्तरात काही दोष असेल का? कापड चांगलं आहे. मी स्वतः निवडलं होतं. म्हणजे बाईंना निवडून दिलं होतं.

मुंगीचं एक सांगते, तुला ठाऊक असेल. शाळेत अठ्ठावीस तारखेला, शनिवारी, वेशभूषेची स्पर्धा आहे. ती 'अंधारखाऊ' होणार आहे. मी विचारलं, हा कोण? तर म्हणाली, "आईने आणि मी शोधलाय. तो अंधार खातो. मूठ आवळली की त्याच्या मनगटावर दिवे लागतात. आई करून देणार होती." मी म्हटलं, झगा मी शिवते, दिवे काय करायचेत? ती म्हणाली, "मग तो नुसता खाऊ."

गेल्या वर्षी ती फुलपाखरू झाली होती, मंचावर गेली आणि सगळे हसले म्हणून रडत पळाली, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिनेच काल सांगितलं, अंगाला साबण लावताना. या वर्षी दिवे लागले तर मंचावर जाईन, नाहीतर नाही, असं तिने ठरवलं आहे. पोरगी बोलताना रडली नाही. त्याचीच मला भीती वाटली.

— आजी


रविवार, १५ तारीख

सूनबाई,

आज फोनवर मुंगीने तुला सांगून टाकलं की खालच्या बाईंना यातलं काही माहीत नाही आणि बोट माझं भाजलं आहे. ठीक आहे. बोट माझंच आहे. बाईंना बिचाऱ्यांना बटण लावता येत नाही, त्या दिवे काय लावणार.

तू हसलीस, ते मला दाराशी ऐकू आलं. मी दाराशी नव्हते, दारावरून जात होते.

मग तू तुझ्या नवऱ्याला म्हणालीस ते मात्र नीट ऐकलं. शनिवारी तुझी शेवटची परीक्षा आहे, त्याच शनिवारी. पट्टी जमत नसेल तर शुक्रवारच्या गाडीने तू निघून येणार. परीक्षा पुढच्या वर्षी देणार. आणि हा गृहस्थ फोनवर "बघ बाई, तुला वाटेल तसं" म्हणाला! त्याला दुकानात कुणी "डोकं दुखतंय" म्हटलं की सहा प्रश्न विचारतो. बायको वर्ष वाया घालवते म्हणाली, तर एक विचारला नाही.

तू येऊ नकोस. मी तुला जाऊ नको म्हणाले होते आणि ते मागे घेत नाही. जायला नको होतं. पण गेलीस. आता कापड कापून झालं आहे. कापल्यावर 'नको होतं' म्हणून ते जुळत नाही, शिवावंच लागतं. अर्धी बाही घेऊन माणूस घरी येत नाही.

पट्टी मी करते. मी शाळेत शिवण शिकवत होते, ज्यांना कात्री कुठून धरायची कळत नव्हतं त्या मुलींच्या हातून मी सदरे शिवून घेतले आहेत. मला कोणी शिकवलं तर मीही शिकेन. फक्त उंटावरून शेळ्या हाकू नकोस. 'परिपथ' आणि 'रोध' असले शब्द नकोत. एक चित्र काढून पाठव. कुठून निघायचं, कुठे जायचं, कुठे थांबायचं. आणि अस्तराचं उत्तर दिलं नाहीस.

— सासू


गुरुवार, १९ तारीख

सूनबाई,

चित्र मिळालं. रेघा वाकड्या आहेत. तुझ्याजवळ मोजपट्टी नाही का? पण कळलं.

चंदेरी अस्तरात धातू असतो आणि वीज त्यातून परस्पर घरी जाते, दिव्यापर्यंत येतच नाही, हे तू लिहिलंस. ही वीज तुझ्या नवऱ्यासारखी आहे म्हणायची. अस्तर उसवलं. सुती लावलं. दिसायला दरिद्री आहे, पण कुणी उलटून बघणार नाही.

तुझं चित्र मी माझ्या भाषेत करून घेतलं. अधिकची तार म्हणजे वरचा धावदोरा, उणेची म्हणजे खालचा. दोघांनी पट्टीभर शेजारून जायचं आणि एकमेकांना शिवायचं नाही. मध्ये दिवे बटणांसारखे, एक पाय वर, एक खाली. हे आधी सांगितलं असतंस तर बोट वाचलं असतं. दोघी एका कापडावर, पण शिवायचं नाही. यात मला न कळण्यासारखं काय आहे?

दोन जाड सेलांनी मुंगीचा हात लोंबायला लागला म्हणून तू लिहिलेला चपटा सेल आणायला घड्याळवाल्याकडे गेले. तो डोळ्याला नळकांडं लावून बसला होता. वर न बघता म्हणाला, "कुठल्या घड्याळाला?"

"घड्याळाला नाही. नातीला."

त्याने नळकांडं काढलं. "नातीला सेल?"

"मनगटावर. मूठ आवळली की लागली पाहिजे."

"आणि सोडली की?"

"विझली पाहिजे."

तो म्हणाला, "आजी, अशी एक माझ्या बायकोसाठी करून द्या." त्याची बायको मागेच बसली होती. तिने त्याच्यासाठी कशी करून हवी ते सांगितलं. ते लिहीत नाही.

सेल लहान मुलाने गिळला तर घात होतो, असं तू दोनदा खाली रेघ मारून लिहिलंस. मला रेघ मारायची गरज नव्हती. खिसा चारही बाजूंनी शिवून टाकला आहे. उसवल्याशिवाय सेल निघणार नाही.

आता खरी गोष्ट. मूठ आवळल्यावर लागायचं, हे कसं करायचं? तू लिहिलंस, बारकं दाबायचं बटण मिळतं, त्याला कथील वितळवून डाग देऊन तार जोडावी लागते, ते तुम्हाला जमणार नाही, नुसता चालू-बंद करायचा खटका लावा. 'तुम्हाला जमणार नाही' हे वाक्य मी वाचलं. डबा उघडून बसले. त्यात टिचबटणं होती, धातूची. अर्धं टिचबटण तळहाताशी शिवलं, एक तार त्याला. दुसरी तार अंगुस्तानाला, म्हणजे शिवताना आम्ही बोटात टोपी घालतो तिला. मधल्या बोटात अंगुस्तान. मूठ आवळली की ते बटणावर टेकतं, आणि दिवे लागतात. सोडली की विझतात.

मी टेबलावर धरून केलं. लागले. मी खोलीत एकटी होते आणि ओरडले. तुझा नवरा उठून आला, "काय झालं? कुठे दुखतंय?"

मी सांगितलं, कुठेही नाही.

डाग द्यावा लागला नाही, एवढं नोंदवून ठेव.

— शिवणबाई


मंगळवार, २४ तारीख

सूनबाई,

रविवारी तू मुंगीला म्हणालीस, आजीला मंगळवारी पत्र टाकायला सांग, पट्टी तुझ्या हातावर नीट चालली तर मी परीक्षेला थांबते, नाहीतर शुक्रवारी निघते.

पट्टी चालते. हातावर घातली, मूठ आवळली, दिवे लागले. मुंगी खूष आहे. झगाही झाला, काळा, मागे घेर.

निघू नकोस. अभ्यास कर. इथे सगळं ठीक आहे. जास्त लिहायला वेळ नाही.

— आजी


रविवार, २९ तारीख

सूनबाई,

मंगळवारचं पत्र लिहिलं तेव्हा पट्टी चालत नव्हती. काल तुझी परीक्षा होऊन गेली, तेव्हा आज सांगायला हरकत नाही. संध्याकाळी तुझा फोन येईल, मुंगी तिच्या पद्धतीने सगळं सांगेल. त्याआधी माझं लिहून टाकते आणि पाठवते. दोन्ही ताडून बघ.

टेबलावर पट्टी चांगली चालायची. सोमवारी मुंगीच्या हातावर घातली आणि मेली. मूठ आवळताना मनगट वाकतं, आणि वाकलं की तार आतल्या आत तुटायची. मी नवी घालायची, ती तुटायची. मी ती घट्ट शिवत होते. जन्मभर मुलींना हेच सांगितलं, टाका ओढून घ्या, सैल टाका म्हणजे सैल बाई. बुधवारी तिसऱ्यांदा तुटली तेव्हा मुंगी उठून बापाजवळ गेली. तिने विचारलं, "बाबा, तुमच्या दुकानात ताप येण्याचं औषध असतं का?"

तो म्हणाला, "ताप जाण्याचं असतं."

"ते नको."

तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "आई, तिला बोलावून घेऊ का?" मी म्हटलं, "तू झोप." तो झोपला नाही. दुपारभर टेबलाशी बसून मला तारांची टोकं सोलून देत होता. इतका वेळ तो माझ्यासमोर बसल्याचं मला आठवत नाही.

गुरुवारी खालच्या बाई आल्या. खऱ्या. कोटाची बाही काखेत नाही, कोपरात ओढते म्हणाल्या. मी म्हटलं, "कोपर वाकतं हो. वाकतं तिथे कापडाला सूट ठेवावी लागते, ताणून शिवलं तर…" आणि त्यांना एका बाहीत हात अडकलेला तशा सोडून आत गेले. मनगटापाशी सगळे टाके उसवले. तारेला तिथे गोल वळण दिलं, सैल, वाटेल तेवढं हलेल असं. वरून कापडाची चुणी घातली. मुंगीने मूठ आवळली. मग सोडली. मग आवळली. मी नको म्हणेपर्यंत आवळत राहिली. बाई बाहेरून "मी जाऊ का?" विचारत होत्या. त्यांचा हात तुझ्या नवऱ्याने सोडवला.

आता काल. शाळेचं सभागृह भरलं होतं. पडदे ओढलेले, आत सगळे दिवे चालू. मुंगीच्या आधी एक टोमॅटो आला. त्याला मंचावरून उतरता येईना, दोघांनी गडगडत नेला. मग आपली. झगा नीट पडला होता. मधोमध उभी राहिली, ध्वनिक्षेपकात म्हणाली, "मी अंधारखाऊ," आणि मूठ आवळली.

दिवे लागले. मला दिसले, कारण कुठे बघायचं ते मला ठाऊक होतं. बाकी कुणाला दिसले नाहीत. वर एवढा लखलखाट, त्यात मसुराएवढे तीन दिवे! पुढच्या रांगेतला एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाला, "काय आहे हे? वटवाघूळ?" चारजण हसले.

मुंगीने पाऊल मागे घेतलं. मी उठून उभी राहिले. कुठे जायला, ते माहीत नव्हतं.

मग तिने वर बघितलं, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. आणि ध्वनिक्षेपकात म्हणाली, "इथे अंधारच नाहीये. मी काय खाऊ?"

सगळं सभागृह हसलं. ती पळाली नाही. कमरेवर हात ठेवून थांबली, खाणावळीत वाढायला उशीर झाल्यावर माणूस थांबतो तशी.

दिव्यांचा बोर्ड भिंतीला, माझ्या बाजूलाच होता. त्यावर बरीच बटणं होती आणि कशावर काही लिहिलेलं नव्हतं. निवड करायला वेळ नव्हता. मी सगळी बंद केली. दिवे गेले, पंखे गेले, ध्वनिक्षेपक गेला.

मुख्याध्यापिकांचा आवाज आला, "बोर्डापाशी कोण आहे?"

मी मूग गिळून उभी राहिले. अंधारात सगळ्या आज्या सारख्या.

आणि मंचावर तीन दिवे लागले. पोरगी दिसत नव्हती, नुसते दिवे. वर गेले, "आम्!" खाली आले, "आम्!" पुढे बसलेली चिल्लीपिल्ली ओरडायला लागली. "इकडे पण आहे!" "माझ्या बाकाखाली खूप आहे!" "माझ्या खिशात!" दिवे मंचावरून उतरले आणि एकेका बाकाखाली जाऊन आले. वटवाघूळवाल्या गृहस्थाच्या खुर्चीखालचाही खाल्ला. तो पाय वर घेऊन बसला होता, असं नंतर कळलं.

शेवटी ती म्हणाली, "पोट भरलं. लावा दिवे."

मी चाचपडून एक बटण दाबलं. शाळा सुटल्याची घंटा वाजली. अर्धी मुलं दाराकडे धावली. दुसरं दाबलं, बाहेर कुठेतरी पाण्याचा पंप सुरू झाला. इतक्यात दिवे माझ्याजवळ आले आणि बोर्डाला टेकले. "आजी, लवकर कर. माझी मूठ दुखतेय."

मी सगळी बटणं चालू केली. मुख्याध्यापिका माझ्या खांद्याशी उभ्या होत्या.

पहिला क्रमांक टोमॅटोला मिळाला. आपल्याला काही नाही. मुंगीला त्याचं काही वाटलं नाही, ती पोट धरून खुर्चीत बसली होती, जड झालं म्हणून. मी विचारलं, "कसा लागला गं अंधार?" ती म्हणाली, "वरचा बरा होता. बाकांखालचा कच्चा."

मुख्याध्यापिकांनी मला खोलीत बोलावलं. घंटेबद्दल बोलल्या, पंपाबद्दल बोलल्या. मी ऐकून घेतलं. मग त्यांनी चष्मा काढला. "अशा दिवशी मुलीची आई कुठे आहे? आपण कोण?"

मी तोंड उघडायच्या आत मुंगी म्हणाली, "ही माझ्या आईची मदतनीस आहे. आई चित्र काढून पाठवते, ही शिवते."

मी ते दुरुस्त केलं नाही. म्हटलं, "आई परीक्षेला बसली आहे."

त्या म्हणाल्या, "मुलीपेक्षा परीक्षा मोठी?"

हे वाक्य मी कुठे ऐकलं आहे, ते मला तिथे उभ्या उभ्या आठवलं. ते बोलणाऱ्या बाईला मी चांगली ओळखते आणि तिच्याशी माझं अजून भांडण नाही. पण मुख्याध्यापिकांना मी म्हटलं, "मोठी नाही. पण तारीख तिची एकच होती. मुलीजवळ माणसं होती." मग मुंगीचं बोट धरलं आणि त्यांनी जा म्हणायच्या आधी निघाले.

काल दुपारी त्याच वेळी तूही कुठल्याशा यंत्राचं पोट उघडून बसली असशील. निकाल काय लागेल तो लागो. लागला की पुढचं काम ते जिथे देतील तिथे घे. लांबचं असलं तरी घे. विचारायला इकडे येऊ नकोस. यायचं तर नुसतं ये.

— आई